मृतदेहावरच्या अळ्या आणि मृताच्या शरीरातली औषधे

मृतदेहावर सापडलेल्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ ठरवण्याची पद्धत एका गृहीतकावर उभी आहे. अळीची वाढ तापमानाप्रमाणे कमीअधिक वेगाने होते. माशीची जात आणि त्या जागेचे तापमान ठाऊक असेल, तर अंडी घातल्याला किती तास झाले याचा हिशेब मांडता येतो. फ्रान्समध्ये मेन्यँ यांनी १८९४ साली मृतदेहांवर क्रमाने येणाऱ्या कीटकांच्या आठ टोळ्यांचे वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि न्यायवैद्यकातल्या या अभ्यासाला शास्त्राचे रूप आले. मरणाऱ्याने आधी काय घेतले होते, याला त्या हिशेबात जागा नव्हती.

अळी खाते त्या मांसातली द्रव्ये तिच्या अंगात उतरतात, हे आधी लक्षात आले. फिनलंडचे नुओर्तेव्हा यांनी १९७७ मध्ये एका अनोळखी स्त्रीच्या मृतदेहावरच्या अळ्यांमधला पारा मोजला. तो अत्यल्प निघाला, त्यामुळे ती कमी प्रदूषणाच्या भागात राहत असावी असा तर्क करता आला. अमेरिकेत १९८० साली बायर आणि सहकाऱ्यांपुढे आलेले प्रकरण याहून अवघड होते. २२ वर्षांच्या तरुणीचा जवळजवळ सांगाडाच उरला होता. तपासायला रक्त नव्हते, लघवी नव्हती, यकृतही नव्हते. तिथल्या अळ्या वाटून त्यांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा फेनोबार्बिटल सापडले. व्हिसेरा हाती नसताना अळ्यांनी साक्ष द्यावी, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

औषध अळीत उतरत असेल, तर ते नुसते पडून राहते की तिची वाढही बदलते? या प्रश्नावर हवाईमध्ये ली गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने काम केले. सशांना वेगवेगळ्या मात्रांत कोकेन देऊन त्यांच्या यकृतावर मांसमाशीच्या अळ्या वाढवल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्त मात्रेवर पोसलेल्या अळ्या ३६ ते ७६ तासांच्या टप्प्यात इतरांपेक्षा झपाट्याने वाढल्या आणि लवकर कोषात गेल्या. हेरॉइनच्या प्रयोगांत चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले: अळ्या भराभर वाढल्या, पण कोषावस्था लांबली. अळीवरून काढलेला काळ सुमारे २९ तासांपर्यंत चुकू शकतो, असा त्यांचा हिशेब होता. एखाद्या संशयिताची निर्दोषता त्या वेळी तो दुसरीकडे होता एवढ्यावरच टिकून असेल, तर एका दिवसाची ही चूक फार महागात पडू शकते.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट प्रत्यक्ष तपासातही आढळली. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनजवळ पाइनच्या जंगलात सापडलेल्या तरुणीच्या देहावरच्या बहुतेक अळ्या मृत्यूला साधारण आठवडा झाल्याचे सांगत होत्या. एक अळी मात्र सुमारे १८ मिलिमीटर लांब होती, म्हणजे तीन आठवड्यांची वाटावी एवढी. मृत तरुणी कोकेन नाकाने ओढत असे, आणि ही मोठी अळी नाकाच्या भागातली असावी असा उलगडा झाला.

विषांचा परिणाम याच्या उलट दिशेने होऊ शकतो. होनोलुलूत मॅलॅथिऑन पिऊन मेलेला माणूस ८ दिवसांपूर्वी शेवटचा दिसला होता, पण अळ्यांचे वय सुमारे ५ दिवसांचेच भरले. कीटकनाशकामुळे माश्यांनी अंडी उशिरा घातली, असा निष्कर्ष निघाला. त्या देहावर सापडलेल्या क्रायसोमिया माश्यांच्या दोन्ही जाती भारतातही सर्रास आढळतात, आणि कीटकनाशक पिऊन होणारे मृत्यू इथल्या ग्रामीण भागाला अपरिचित नाहीत. त्यामुळे हे प्रकरण भारतीय तपासालाही लागू पडते.

उत्तेजक द्रव्याने वाढ वेगवान होते आणि गुंगी आणणाऱ्याने मंदावते, असा सोपा नियम करण्याचा मोह होतो. पुरावा तो करू देत नाही. फ्रान्समधील बुरेल यांच्या गटाने १९९९ मध्ये मॉर्फिन दिलेल्या सशांवर हिरव्या माशीच्या अळ्या वाढवल्या. त्या मागे पडल्या आणि काळ २४ तासांनी कमी भरला. हेरॉइनचे शरीरात मॉर्फिनच होते, तरी गॉफ यांच्या अळ्या वेगाने वाढल्या होत्या. दोन्हीकडे माशीची जात वेगळी होती, आणि तफावतीचे एक कारण तेही असू शकते. ब्राझीलमध्ये तर डायझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधानेच अळ्या लवकर वाढल्या.

अळीत किती औषध आहे यावरून मृताने किती घेतले होते हे सांगता येईल, ही आशाही फार टिकली नाही. कोषात जाण्याआधी अळी खाणे थांबवते आणि साठलेले औषध झपाट्याने बाहेर टाकते. त्यामुळे एकाच देहावरच्या लहान व मोठ्या अळ्यांतले आकडे जुळत नाहीत. फ्रेंच विषशास्त्रज्ञ त्राकी यांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष प्रकरणांचा आढावा घेऊन मात्रेविषयीच्या अशा निष्कर्षांवर कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. अळीत औषध सापडले तर ते देहात होते एवढे म्हणता येते. सापडले नाही म्हणून ते नव्हतेच असे ठरत नाही. म्हणून नाक, तोंड, जखमा अशा प्रत्येक भागातल्या अळ्या वेगळ्या ठेवून गोळा कराव्या लागतात, आणि वयाचा हिशेब मांडण्यापूर्वी विषतपासणीचा अहवाल कीटकतज्ज्ञाच्या हाती असावा लागतो.