डॉक्टर येण्यापूर्वी

डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.

हे वाक्य वाचून तुम्हाला रोग्याबद्दल हळहळ वाटली असेल, तर तुम्ही भाग्यवान. तुम्ही मराठी शाळेत इंग्रजी शिकला नाहीत. आम्हाला हळहळ वगैरे वाटत नसे. आम्हाला फक्त एकच प्रश्न पडे, 'हॅड' मेल्याला लावायचा की आलेल्याला? मी निम्म्या वेळा तो डॉक्टरला लावला आणि डॉक्टर आल्यावर रोगी मारला. सरांनी छडी मारली ती मात्र साध्या भूतकाळात.

खरे म्हणजे पूर्ण भूतकाळ आम्हा अहमदपूरकरांना अवघड जायला नको होता. आमचे गाव नांदेड-लातूर रस्त्यावर. आम्ही धापा टाकत स्टँडवर पोचण्यापूर्वी एसटी गेलेली असायची. रॉकेल घ्यायला जाण्यापूर्वी ते संपलेले असायचे. सगळे जगणेच 'हॅड'मध्ये चाललेले. चालू वर्तमानकाळाची तर आम्हाला जन्मजात सवय. पुण्याचा माणूस 'काय करतोस?' असे विचारतो तेव्हा त्याला धंदा विचारायचा आहे की आत्ताचा उद्योग, ते कळायला मार्ग नसतो. आमच्याकडे 'का करायलास?' म्हटले की आत्ता, या घटकेला काय चाललेय तेच सांगायचे. पण सरांनी कधी सांगितले नाही, की अरे, हा 'आयएनजी' तुमच्या तोंडात आधीपासूनच आहे. ते म्हणाले, "पाठ करा."

व्याकरण हे पाठ करण्यासाठीच जन्माला आले, अशी आमची समजूत होती. पुढे कळले की त्याची वंशावळ आमच्या देशमुखांच्या वंशावळीसारखीच आहे. वर वर जावे तसतसा दत्तक मुलांचा भरणा फार. इंग्रजीचे व्याकरण बसवणाऱ्या पंडितांनी लॅटिनचे माप घेऊन इंग्रजीचा सदरा शिवला. रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूने 1762 साली एक छोटे व्याकरण लिहिले. शब्दयोगी शब्दाने वाक्य संपवणे भारदस्त लिखाणात शोभत नाही, असे त्यात बजावले आणि ते बजावणारे वाक्य स्वतःच 'टू'ने संपवले! (हे मला सातवीत माहीत असते तर!)

मराठीची गोष्ट आणखी गमतीची. मराठीचे एक जुने छापील व्याकरण इंग्रजीत निघाले. 1805 साली, तेही बंगालात सेरामपूरला. लिहिणारा विल्यम केरी हा मिशनरी. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या कोवळ्या साहेबांना तो मराठी शिकवी, आणि त्याच्या मदतीला वैजनाथशास्त्री होते. म्हणजे आम्ही 'हॅड'साठी रडण्याच्या दीडशे वर्षे आधी गोरी पोरे 'ने'ला प्रत्यय कुठला आणि 'ला'ला कुठला म्हणून रडत होती. हे वाचून मला जो आनंद झाला, तो 1947 सालीसुद्धा कुणाला झाला नसेल. पुढे 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीत मराठीचे व्याकरण लिहिले. मेजर कँडींनी स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवले. शब्दांच्या आठ जातीसुद्धा इंग्रजीच्या वळणावर आल्या. आपल्याकडे जाती कमी होत्या म्हणून!

आमच्या घरात मात्र जाती तीनच होत्या. अण्णा, म्हणजे आमचे वडील, निझामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. हैदराबाद संस्थानात 1884 पासून सरकारी कारभार उर्दूत होता. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्यात थेट वरपर्यंतचे शिक्षण उर्दूतून; इंग्रजी एक विषय म्हणून सक्तीची. तेव्हा अण्णा घरी मराठी बोलले, शाळेत उर्दू लिहिले आणि इंग्रजी शिकले ते उर्दूतून. त्यांच्या व्याकरणात नामाला 'इस्म', क्रियापदाला 'फेल' आणि उरलेल्या सगळ्या किडुकमिडुकाला 'हर्फ'. तीन जातींत जग आटोपले. "क्रियापदालाच फेल म्हणतात म्हटल्यावर," अण्णा सांगत, "पोरं पास व्हावीत कशी?"

1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले आणि अण्णांचे सुरेख उर्दू अक्षर हळूहळू बिनकामाचे होऊ लागले. 1956 पर्यंत आमचा तालुका बिदर जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा एवढे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. 1960 ला महाराष्ट्र झाला. 1982 ला लातूर जिल्हा झाला. आम्ही घराची एक वीट हलवली नाही, पण पत्ता चार वेळा बदलला. कर्ता स्थिर आणि क्रियापद धावते, असे हे वाक्य.

अण्णा तहसिलीत कारकून. मुंबई राज्यात आल्यावर वरून येणारे कागद इंग्रजीत येऊ लागले. मग चाळिशीकडे झुकलेल्या त्या गृहस्थाने नांदेडहून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मागवली. तिचे तीन भाग. महाराष्ट्रात जी घरे इंग्रजी शिकली त्यांतली निम्मी या तीन पायऱ्या चढून गेली असतील. दिवसा शाळेत इंग्रजी शिकणारी माझी मोठी बहीण, अक्का, आणि रात्री कंदिलापाशी तिच्याकडून शिकणारे अण्णा. मी लहान, माझे काम कंदिलाची काच पुसण्याचे. 'माझ्या काकाचा घोडा तुझ्या मावशीच्या बागेत आहे' या धर्तीची वाक्ये दोघे इंग्रजीत नेत आणि परत मराठीत आणत. आमच्या काकाकडे घोडा नव्हता, मावशीकडे बाग नव्हती. पण अक्काने अण्णांचा पहिला रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून दिला, तेव्हा साहेबाने तो वाचून अण्णांना खुर्ची दिली म्हणतात. ताप आलेल्या माणसाला खुर्ची द्यावी यात काही विशेष नाही, पण अण्णांनी ती गोष्ट वीस वर्षे सांगितली.

आमच्या वर्गात पुढे 'रेन अँड मार्टिन' आले. ते जाडजूड पुस्तक 1930 च्या दशकातले, हिंदुस्थानातल्या साहेबांच्या मुलांसाठी लिहिलेले. त्यातला रेन हा इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि त्याने 'बो जेस्ट' नावाची वाळवंटातल्या सैनिकांची गाजलेली कादंबरी 1924 साली लिहिली. हे कळल्यावर मला एकदम उलगडा झाला. इतकी रिकामी जागा भरायला देणारा माणूस वाळवंटातलाच असणार.

त्या पुस्तकातला 'प्रयोग बदला' हा धडा मला फार आवडे. मांजराने उंदीर मारला. उंदीर मांजराकडून मारला गेला. मेला तो उंदीरच, पण मार्क दोन. शिवाय एक सवलत होती. 'लोकांनी', 'त्यांनी', 'कुणीतरी' असा कर्ता असेल तर तो गाळला तरी चाले. वाक्य आटोपशीर होई आणि शाईही वाचे.

1968 च्या मार्चमध्ये अक्का अकरावीच्या परीक्षेला बसली. बाकी सगळ्या विषयांत ती नीट सुटली. इंग्रजीत एकतीस. पस्तीस लागत. अण्णांना साहेबाची खुर्ची मिळवून देणारी पोर चार मार्कांनी इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसता येत होते. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चाकूरकडचे एक स्थळ आले. त्यांना पुढची घाई होती. आईने तीळ निवडावेत तशी डोळे बारीक करून पत्रिका पाहिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा. अक्काची पाठमाला मला मिळणार, या आनंदात होतो. ऑक्टोबरपूर्वी लग्न झाले होते. हा 'हॅड' कुठे लावायचा हे मला कुणी न सांगता कळले.

माझे इंग्रजी पुढे चालले, बीए झाले, नोकरी लागली. त्याच पाठमालेवर. तिच्या पहिल्या पानावर अक्काचे नाव इंग्रजीत लिहिलेले आहे. खाली अण्णांनी उर्दूत तारीख घातली आहे. ती मला वाचता येत नाही.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. आता आमच्या गावात 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'च्या पाट्या दुकानांपेक्षा जास्त झाल्या आहेत. इंग्रजी हे वाघिणीचे दूध म्हणतात. आमच्याकडे ते आता पिशवीतून मिळते. अक्काची नात त्यातल्याच एका क्लासला जाते.

परवा अक्काकडे गेलो होतो. ओसरीवर नात बसलेली, समोर तोच धडा, प्रयोग बदला. अक्का चष्मा सावरून शेजारी. नातीने मला पाहून वही पुढे केली, पण अक्का म्हणाली, "त्याला नको इचारू. त्यो चुकतो." आणि स्वतःच शिकवू लागली. एकदाही अडली नाही. सत्तावन्न वर्षांनी!

एका वाक्यापाशी नात थांबली. 'त्यांनी तिला शाळेतून काढले' असा काहीसा मजकूर होता. तिने नीट उलटवले, ती शाळेतून काढली गेली. अक्काने वही डोळ्यांजवळ नेली.

"आन् कुणी काढली ते?"

"ते नाही लिहिलं तरी चालतं आजी. सर म्हणाले, 'त्यांनी' असलं की गाळायचं."

अक्का जरा वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चालतं. पर तू लिहित जा."

नातीने मुकाट्याने शेवटी दोन शब्द वाढवले. मी चहा मागितला.