पंप, माठ आणि लाल टोपणाची सिरिंज

गेल्या उन्हाळ्यात धाडला घरचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी माझ्या भाचीच्या कमरेला अडकवलेली डबी बघून एका मावशीआजीने विचारलं, "ह्या पोरीले मोबाईल अंगावरच बांधून ठेवा लागते का वं?" भाची हसून म्हणाली, "आजी, हा इन्सुलिनचा पंप आहे." झालं! तिकडे कोपऱ्यात कुजबुज सुरू. आता मशीन लावली म्हणजे लईच वाढलेलं दिसतंय. संध्याकाळी कुणीतरी माझ्या बहिणीला बाजूला घेऊन सल्लाही दिला, की फोटोत ती डबी येऊ देऊ नको, उद्या पोरीचं लग्न करायचंय.

तेव्हा मी गप्प बसलो. लग्नघरात वाद नको म्हणून. पण ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज लिहितोय.

आमच्या आजीला एक धाकटी बहीण होती. साधारण १९५० च्या सुमाराची गोष्ट. आठ-नऊ वर्षांची पोर, खायची भरपूर आणि तरी वाळत चाललेली. रात्रभर पाणी मागायची, मोरीत मुंग्या लागायच्या. घरच्यांनी बाहेरचं समजून नको नको ते उपाय केले. काही आठवड्यांत गेली. तिला हाच आजार होता असं आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण आजी वर्णन करायची ते तंतोतंत टाइप वन डायबेटिसचं. यात स्वादुपिंड इन्सुलिन बनवणंच थांबवतं. गोड खाऊन होत नाही, आईबापाच्या चुकीने होत नाही.

आणि टोचणी लागते ती इथे, की औषध तेव्हा जगात होतं. टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन मिळवलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीटसं लागू पडलं नाही, मग कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ तारखेपासून मुलगा सुधारू लागला. त्याआधी उपाय एकच, उपाशी ठेवणं. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकन मुलगी अशा उपासमारीने २० किलोवर आली होती. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला इन्सुलिन मिळालं, आणि ती १९८१ पर्यंत जगली. लग्न केलं, मुलं झाली. (सल्ला देणाऱ्या बाईंनी हे वाक्य परत वाचावं.) पेटंट शोधकांनी एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकलं. तरी ते औषध तीस वर्षांत आमच्या मोरीपर्यंत पोचलं नाही.

इंजेक्शन आलं तरी एक अडचण उरलीच. निरोगी माणसाचं स्वादुपिंड दिवसरात्र थेंब थेंब इन्सुलिन सोडत असतं आणि जेवलं की एकदम जास्त सोडतं. सुईने दिलेलं मात्र एकदाच सगळं आत जातं. मग माणसाने औषधाच्या वेळेला जेवायचं, भूक असो नसो. हे उलटं कसं करायचं, या प्रश्नातून पंप आला. लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी १९६० च्या दशकात केलेलं यंत्र पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढं होतं. सत्तरच्या दशकात डीन केमेन यांनी ते लहान केलं, तरी लोक त्याला 'निळी वीट' म्हणायचे. १९७८ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या पिकप आणि कीन यांनी दाखवून दिलं की कातडीखाली सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडलं तर साखर चांगली आटोक्यात राहते. आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १४४१ रुग्ण. ज्यांनी दिवसातून तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा पंप वापरून साखर काटेकोर ठेवली, त्यांचे डोळे, किडन्या आणि नसा कितीतरी कमी बिघडल्या.

म्हणजे आजार वाढला म्हणून पंप लागत नाही. पुढे डोळे-किडन्या वाढीव त्रासात जाऊ नयेत म्हणून लागतो.

भाचीच्या डबीत काही दिवस पुरेल इतकं इन्सुलिन असतं, बारीक नळीतून ते पोटाच्या कातडीखाली जातं. दोन-तीन दिवसांनी नळीची जागा बदलायची. जेवताना भाकरी किती, भात किती हे तिने मोजून बटण दाबायचं. स्वैपाकघरात वजनकाटा असतो तिच्या! काही लोकांना वाटतं यंत्र सगळं आपोआप करतं. नव्या पंपांत सेन्सरवरून थोडं आपोआप होतंही, पण जेवणाचा हिशेब अजून माणसाचाच.

धाडच्या उन्हाळ्याचा मात्र या मशीनला विचार करावा लागतो. इन्सुलिन उष्णतेने खराब होतं. बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं त्या वर्षांत फ्रिज म्हणजे नुसतं कपाट, तेव्हा बाटली माठाजवळ ओल्या वाळूत ठेवणारी घरं मला माहीत आहेत. लोक हसायचे. पण २०१६ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतली मडकी रीतसर तपासली, आणि ती खरोखरच इन्सुलिन बरंच थंड ठेवतात असं निघालं. आमच्या आज्यांना हे माहीत होतं, त्यांच्याकडे फक्त इन्सुलिन नव्हतं.

अजून एक भानगड आपल्याकडचीच. आपल्या मेडिकलवर मिळणारी साधी बाटली बहुधा मिलीलिटरला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. पंपात जातं ते १०० युनिटचं. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो. बहिणीने कपाटाचे दोन कप्पे वेगळे केलेत, आणि कुणीही "मी आणून देतो" म्हटलं की आधी चिठ्ठी हातात देते.

आणि नातेवाइकांनी हे लक्षात ठेवा. पंपात हळूहळू काम करणारं साठ्याचं इन्सुलिन नसतं. नळी मुडपली किंवा निघाली तर काही तासांतच शरीरात कीटोन वाढतात, उलट्या सुरू होतात. ती "जरा बाजूला जाते" म्हणाली तर अडवू नका. तिला घाम फुटला, हात थरथरले, ती चिडली, तर भाषण न देता साखर द्या.

दिवाळीला ती धाडला येतेय. लाडू करणार असाल तर साखर आणि बेसन किती घातलं ते लिहून ठेवा. ती विचारणारच आहे.