रिकाम्या खोल्यांचे शहर

'मंदी येऊ द्या, मग घर घेऊ.' गेली तीस वर्षे मी हे वाक्य ऐकतो आहे. लोकलच्या डब्यात, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत. त्यामागचा हिशेब सरळ आहे. मंदीत गिऱ्हाईक घटते, गिऱ्हाईक घटले की भाव उतरतात आणि भाव उतरले की घर आवाक्यात येते. यातली पहिली दोन विधाने बहुतेक वेळा खरी ठरतात. तिसऱ्याबद्दल मला शंका होती. ती आमच्या घरातल्याच एका गोष्टीमुळे निर्माण झाली.

माझे आजोबा खेड तालुक्यातून मुंबईत आले ते १९२३च्या सुमारास. लालबागला गाववाल्यांच्या एका खोलीत त्यांची वळकटी असे. दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की उशिराने आलेली त्याच जागेवर अंग टाकत. वडील सांगत की त्या काळात वरळीला सरकारने बांधलेल्या कोऱ्या करकरीत खोल्या ओस पडल्या होत्या आणि आजोबा तिकडे कधीच गेले नाहीत. लहानपणी मला हा आजोबांचा हट्ट वाटे. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले की हट्ट एकट्या आजोबांचा नव्हता. हजारो कामकऱ्यांनी त्या खोल्यांकडे पाठ फिरवली होती.

त्या खोल्यांकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे. मुंबईने जागेच्या भावाची पहिली मोठी पडझड १८६५ साली पाहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिचाही भाव ठरला होता. एप्रिल १८६५मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि १ जुलैच्या वायद्यांच्या दिवशी सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखे सावकार बसले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

जमीन स्वस्त झाली हे खरे. पण १८६४च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली शहराची वस्ती १८७२च्या खानेसुमारीत ६,४४,४०५ भरली. या आकड्यांच्या अचूकतेवर वाद घालता येईल, दिशेवर नाही. ज्यांच्या गर्दीमुळे भाडी चढली होती, ती माणसे कामाबरोबर आली होती आणि कामाबरोबरच गेली. जागा स्वस्त झाली तेव्हा तिथे राहायला ती उरली नव्हती.

साठ वर्षांनी हेच पुन्हा घडले, आणि या वेळी त्याची साक्ष सिमेंटात उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांनी अमाप नफा कमावला. माणसांचा लोंढा आला, बांधकाम थंडावले, भाडी भडकली. १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करून भाडी जानेवारी १९१६च्या पातळीला बांधावी लागली. मग गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी मोठा बेत आखला. १९२० साली मुंबई विकास खाते निघाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आपण ज्यांना आजही 'बीडीडी' म्हणतो, त्या चाळी याच खात्याच्या. दोन मोठी कामे हाती घेतली गेली: बॅक बेमध्ये १,१४५ एकर जमीन भरून काढायची आणि कामकऱ्यांसाठी ५०,००० गाळे बांधायचे. साडेसहा टक्के व्याजाचे कर्ज उभारले, शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला.

हा बेत तेजीच्या शिखरावर आखला गेला, आणि पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. मजुरी, सिमेंट, पोलाद, व्याज, सगळे त्या वेळी महाग होते. घर एकदा महागाईत बांधले की त्याचा हिशेब कित्येक वर्षे महागाईतच राहतो. कर्जाचा हप्ता मंदी आली म्हणून कमी होत नाही.

मंदी लगेचच आली. १९२३पासून गिरण्यांचे नफे ओसरले, जपानी कापड बाजारात उतरले. १९२४ साली बोनससाठी संप झाला. १९२५ साली साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकात सरकारने डिसेंबरात स्थगित केली तेव्हाच कपात मागे घेतली गेली. १९२८चा संप तर सहा महिने चालला. बॅक बेच्या कामातला घोळ खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, १९२६मध्ये चौकशी समिती बसली आणि पुरे झालेले काम चारशेचाळीस एकरांच्या आसपास थांबले. गाळ्यांचा आकडाही ५०,००० वरून सुमारे १६,५००वर आला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची.

त्यातल्या हजारो खोल्यांना, विशेषतः वरळीच्या, बिऱ्हाड मिळेना. सरकारने तोटा सोसून भाडे उतरवले, तरी मिळेना. याच काळात गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती, उन्हाळ्यात माणसे रस्त्यावर झोपत होती. इंग्रज अधिकाऱ्यांना कामकऱ्यांचे हे वागणे अडाणीपणाचे वाटले. मला त्यात पक्का हिशेब दिसतो.

ज्याचे काम बदलीचे आहे, ज्याला पुढच्या महिन्यात गिरणी चालू राहील याची खात्री नाही, तो भाड्याचा आकडा एकट्याने पाहत नाही. वरळी गिरण्यांपासून लांब होती. पाळीसाठी मुकादमाच्या नजरेसमोर राहावे लागे. लालबाग-परळला वाणी उधार देई, खानावळवाली पगारापर्यंत थांबे, खोलीचे भाडे गाववाल्यांत वाटले जाई आणि संपात कुणीतरी सांभाळून घेई. मंदीत ही उधारी म्हणजेच ऐपत. स्वस्त खोलीसाठी ती सोडायची म्हणजे चार रुपये वाचवून आधार घालवायचा. आजोबांनी सरकारी खोली नाकारली ती यामुळे, असे मला आता वाटते. घराचा भाव उतरला होता. त्यांची मिळकत त्याहून अधिक डळमळीत झाली होती.

रिकाम्या चाळींना शेवटी रहिवासी मिळाले, पण वेगळेच. सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग अपुरे पडले तेव्हा वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. ज्या खोल्यांत कामकरी स्वखुशीने जात नव्हते, तिथे सत्याग्रही कोंडले गेले.

मात्र एवढ्यावर थांबलो तर चित्र एकांगी होईल. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत मुंबईत काही लोकांना खरोखरच चांगले घर मिळाले. धान्य उतरले, बांधकामाचे साहित्य उतरले. दादर, हिंदू कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क इथे याच दशकात इमारती उठल्या आणि कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, डॉक्टर स्वतंत्र मोरी-संडास असलेल्या ब्लॉकमध्ये राहायला आले. मराठी मध्यमवर्गाचे दादर बऱ्याच अंशी मंदीत घडले. कारण या माणसांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता आणि त्याच पगारात आता अधिक मिळत होते. त्याच वेळी अर्ध्या तासाच्या चालीवर गिरण्या बंद पडत होत्या, उरलेल्या पगार कापत होत्या आणि १९३४ साली पुन्हा सार्वत्रिक संप झाला. एकाच शहरातल्या एकाच मंदीने एकाला ब्लॉक दिला आणि दुसऱ्याला गावची बोट धरायला लावली. १९२१ ते १९३१ या दशकात शहराची वस्ती पावणेबारा लाखांवरून किंचित उतरली, ती उगाच नव्हे.

म्हणजे आपल्या त्या वाक्यात एक शब्द राहून जातो. मंदीत घर स्वस्त होते, पण ज्याची मिळकत शाबूत राहिली त्याच्यासाठी. आणि मंदी म्हणजे बहुतेकांची मिळकत शाबूत न राहणे.

बीडीडी चाळी भरल्या त्या स्वस्ताईने नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धाने. गिरण्या तिन्ही पाळ्यांत धडधडू लागल्या, माणसे पुन्हा आली आणि कालपर्यंत नकोशा असलेल्या खोल्यांसाठी ओळखी शोधाव्या लागल्या. पुढे १९४७च्या भाडेकायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले. माझ्या मते त्या तारखेच्या भाड्यात मंदीच्या दशकाचा उतार अजून मुरलेला होता, आणि तोच पुढे कित्येक दशके गोठून राहिला. आत असलेल्याला मंदीचे भाडे कायमचे मिळाले. बाहेरच्याला पागडी मोजावी लागली. मालकाने दुरुस्तीवरचा हात काढून घेतला. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी खास मंडळाचा कायदा करावा लागला. मंदी संपल्यावरही तिचा भाव घरात राहतो तो असा.

आज वरळीच्या चाळींच्या जागी उंच इमारती उठत आहेत. १६० चौरस फुटांच्या बदल्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, आणि ते मिळालेच पाहिजे. त्याच जागी उरलेली घरे बाजारभावाने विकून हा खर्च निघायचा आहे. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा एकदा गरिबाच्या घराचा हिशेब तेजीच्या भरवशावर मांडला गेला आहे. तो चुकेल असे मी म्हणत नाही. मात्र त्या फाइलीवर सही करणाऱ्यांनी वरळीच्या रिकाम्या खोल्यांची गोष्ट एकदा वाचावी, एवढीच इच्छा आहे.

राहता राहिले ते वाक्य. परवा माझा भाचा म्हणाला, "मामा, जरा थांबतो, भाव पडतील." मी त्याला भावाविषयी काही बोललो नाही. फक्त विचारले, "भाव पडतील त्या दिवशी तुझी नोकरी असेल ना रे?" तो हसला, आणि मग थोडा वेळ गप्प बसला.