श्रीमती हिराबाई बडोदेकर: पित्याचा वारसा व स्वतःचे कष्ट

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत एका गायिकेचें चरित्र कशासाठीं, असें वाचक कदाचित् विचारतील. मिस्साच्या वेळीं गायनवृंदांत भगिनींचे सूर ऐकून आज आपणांपैकीं कोणासही नवल वाटत नाहीं. परंतु पूर्वीं असें नव्हतें. 1903 सालीं परमगुरु दहावे पायस यांनीं गायनवृंदांत स्त्रियांस घेऊं नये असा नियम घालून दिला. तो 1955 सालीं बारावे पायस यांनीं शिथिल केला. आपल्या भंडारा जिल्ह्यांतील दंडारींतही स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेत. अशा काळीं ज्या स्त्रीनें महाराष्ट्रांत स्त्रीच्या गाण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा वृत्तान्त आम्ही येथें सादर करीत आहों.

हिराबाईंचा जन्म 1905 च्या मे महिन्यांत मिरजेस झाला. पिता उस्ताद अब्दुल करीम खां हे किराणा घराण्याचे विख्यात गवई. माता ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यांतील. खांसाहेब बडोदें दरबारीं असतां उभयतांचा स्नेह जडला व तीं बडोदें सोडून निघालीं. 1913 सालीं खांसाहेबांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापिलें. गाणें हेंच त्या घराचें वातावरण होतें.

परंतु तें घर अभंग राहिलें नाहीं. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांसह पतीपासून विभक्त झाल्या. पित्याचें नांव मागें पडलें. मुलें मातेकडील नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. ज्याच्या नुसत्या नांवानें मैफली भरत, त्याच्या कन्येस त्या नांवाचा आधार उरला नाहीं. विद्या मात्र अंतरली नाहीं. वडील बंधु सुरेशबाबू माने यांजकडे व पुढें किराणा घराण्याचेच थोर गवई उस्ताद अब्दुल वहीद खां यांजकडे हिराबाईंनीं तालीम घेतली. एकेक सूर स्थिर करीत रागाची सावकाश बढत करण्याची जी रीत, ती त्यांनीं परिश्रमानें साध्य केली.

त्या काळीं चारचौघांत गाणें हें कुलीन स्त्रीस लांछन समजलें जाई. हिराबाईंनीं तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचें धाडस केलें. असे जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. अंगावर साधें लुगडें, बसणें निश्चल, हातवारे नाहींत, नजर खालीं, आणि कंठांतून निघणारा निर्मळ, नाजूक सूर! तें पाहून गृहस्थ आपल्या लेकीसुनांस निःशंकपणें गाण्यास आणूं लागले. वादविवादानें जें साधलें नसतें, तें या बाईंनीं आपल्या वर्तनानें साधलें.

बंधुभगिनींसह त्यांनीं नाटकमंडळी काढून 'सौभद्रा'सारख्या नाटकांत भूमिका केल्या. मंडळी फार काळ टिकली नाहीं. पण स्त्रीची भूमिका स्त्रीनें करावी या विचारास तिनें बळ दिलें. 1937 सालीं निघालेल्या 'प्रतिभा' या बोलपटांतही त्या होत्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत खांसाहेब मद्रासकडील प्रवासांत असतां एका रेल्वे स्टेशनावर निधन पावले. पितापुत्रींच्या वाटा निराळ्या झाल्या होत्या. परंतु किराण्याचा सूर कन्येच्या गळ्यांत जिवंत राहिला. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनीं 1943 च्या 'रामराज्य' बोलपटांत पार्श्वगायन केलें. या दोघी बहिणींची जुगलबंदी रसिकांस फार प्रिय झाली.

हिराबाईंस 1965 सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व 1970 सालीं पद्मभूषण हे सन्मान लाभले. 20 नोव्हेंबर 1989 रोजीं त्यांनीं देह ठेविला. डॉ. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्येनें त्यांची विद्या पुढें नेली.

थोर पित्याच्या पोटीं जन्म येणें हें भाग्य खरें. पण त्यावर कोणास विद्या येत नाहीं, ती रोजच्या मेहनतीनेंच येते. वैनगंगेच्या या प्रांतीं आमच्या ज्या लेकी दर रविवारीं गायनवृंदांत उभ्या राहतात, त्यांत प्रसिद्ध पित्याच्या कन्या क्वचितच असतील. त्यांनीं खिन्न होऊं नये. सूर नीट लावण्यास मोठें नांव लागत नाहीं, हेंच या चरित्राचें सार आम्हांस वाटतें.