दुपट्यात गुंडाळणे (रायपूर)

तान्ह्या बाळाला मऊ सुती कापडात अलगद लपेटून ठेवण्याची रीत. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि मराठी घरे इकडे स्थिरावली. रायपूरच्या मराठी घरांतही बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंचीबरोबर दुपटी असतातच. कोऱ्या कापडापेक्षा जुन्या लुगड्याचे दुपटे केव्हाही चांगले. त्यातली खळ निघून गेलेली असते, ते टोचत नाही आणि भरभर वाळते.

मीटरभर चौरस कापडाचा वरचा कोपरा दुमडून बाळाचे खांदे घडीवर ठेवतात. एक कड छातीवरून नेऊन पाठीखाली खोचायची, तळाचा कोपरा सैलसर वर घ्यायचा, मग दुसरी कड. हात आवरले की बाळ दचकून उठत नाही. छातीपाशी दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पाय मात्र सरळ ताणून बांधू नयेत. गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या, हीच या वयातली नैसर्गिक ठेवण. पाय वाकडे राहतील या धास्तीने ते ओढून बांधण्याची सवय मोडायलाच हवी, कारण त्याने खुबा निखळू शकतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय मोकळे ठेवण्याची मोहीम निघाली आणि हा दोष झपाट्याने घटला.

गुंडाळण्याचे खरे मोल उबेत आहे. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, बाळाला उबदार ठेवणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. ३९ गावांतल्या या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाले. छत्तीसगडातही २००२ पासून मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, घरोघरी जातात. बाळंतिणीने आपली शंका त्यांना विचारावी.

पोट उबदार पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरून तडक दवाखाना गाठावा. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. तेव्हा पातळ मलमलीचे झबले पुरते. मान घामेजली, अंग तापले तर दुपटे लगेच सोडावे.

गुंडाळलेले बाळ नेहमी उताणेच निजवावे. ते कुशीवर वळू पाहू लागले, की दुपटे बांधणे बंद करावे.