हिरव्या पट्टीचे दिवस

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावच्या शाळेला दिवाळीनंतर आठवडाभर आणखी एक सुट्टी मिळायची, ती नेत्रशिबिराची. बाकं बाहेर निघत, वर्गात सतरंज्या पसरल्या जात आणि डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली म्हातारी माणसं ओळीनं निजलेली दिसत. माझ्या थोरल्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं. पुढं तिला जाड भिंगाचा चष्मा मिळाला. त्या दिवशी नातवाला समोर बसवून ती कितीतरी वेळ त्याचं तोंड न्याहाळत होती. वर्षभरात तो चष्मा अंगणात पडून फुटला. तालुक्याला जाऊन दुसरा कोण आणणार? आत्या पुन्हा ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. शिबिराच्या वहीत मात्र तिची नोंद ‘यशस्वी’ अशीच राहिली असणार.

किती डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि किती माणसांना दिसू लागलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला आपल्या देशाला बरीच वर्षं लागली.

सुरुवात मोठ्या मनाच्या माणसांनी केली. कर्नाटकातले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी गावोगाव फिरून मोफत शिबिरं घेत. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. १९९३ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांची संख्या सहा लाख दहा हजारांवर गेली होती. खेड्यात डोळ्यांचा डॉक्टर नाही आणि म्हाताऱ्या माणसाला शहर गाठवत नाही, तेव्हा डॉक्टरनंच गावात जायचं, असा हा साधा हिशोब होता. गावानंही साथ दिली. कुणी शाळा दिली, कुणी पंगत घातली, तरुण मंडळांनी रुग्णांना हाताला धरून आणलं.

पण त्या काळच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसत नसे. मग सुमारे दहा नंबरचा चष्मा आला. त्यातून वस्तू पावपट मोठ्या आणि जवळ दिसत, पेला धरायला जावं तर हात अलीकडेच थांबे. चष्मा हरवला की दृष्टीही गेली. शिवाय शाळेचा वर्ग म्हणजे काही शस्त्रक्रियागृह नव्हे. १९८६ साली उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथल्या शिबिरात ऐंशीहून अधिक लोकांच्या डोळ्यांना जंतुसंसर्गानं कायमची इजा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नुसती सेवावृत्ती पुरत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

चष्म्यावरचा उपाय तोवर निघालेला होता. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळे सुजले नाहीत, हे इंग्लंडमधल्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं. त्याच प्लॅस्टिकचं भिंग करून त्यांनी १९४९ मध्ये लंडनला एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आपल्या खेडुताला मात्र हे परदेशी भिंग परवडणारं नव्हतं. मदुराईला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं होतं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्यांनी हातात शस्त्र धरण्याचा सराव केला होता. याच संस्थेनं १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढून भिंगाची किंमत अगदी खाली आणली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्यानं महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला. शिबिराचं रूप हळूहळू पालटलं. गावात फक्त तपासणी करायची आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला गाडीतून रुग्णालयात न्यायचं, अशी पद्धत रूढ झाली.

तरीही एक प्रश्न उरला होता. शिबिराला येतं कोण? दक्षिण भारतातल्या खेड्यांत केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. डोळ्यांच्या उपचाराची गरज असलेल्या शंभरातले सातसुद्धा शिबिरापर्यंत पोचत नव्हते. ऑपरेशन फुकट, पण सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. ‘आता वय झालं, चालायचंच’ असं घरचे म्हणतात आणि म्हातारी स्वतःही तेच म्हणते. ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ ही समजूत वेगळीच. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनसाठी तो पिकण्याची वाट बघत. आता तशी गरज नाही, पण समजूत टिकून आहे. म्हणून २००४ पासून मदुराईच्या संस्थेनं खेड्यांतच कायमची छोटी दृष्टिकेंद्रं उघडली. वर्षातून एक दिवस भरणाऱ्या शिबिरापेक्षा रोज उघडं असणारं दार बरं, हा त्यामागचा विचार.

सरकारी कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. १९७१-७४ च्या पाहणीत अंधत्वाचं प्रमाण १.३८ टक्के होतं, ते २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्क्यांवर आलं. या घसरणीत मोठं काम आहे, हे खरंच. पण मोजपट्टीही बदलली आहे. पूर्वी साधारण सहा मीटरवरून बोटं मोजता आली नाहीत तर अंध म्हणत, २०१७ पासून हे अंतर तीन मीटर धरतात. म्हणजे कालच्या यादीतली काही माणसं आजच्या यादीत नाहीत, त्यांना दिसू लागलं असो वा नसो.

म्हणून शेवटी एक सांगणं. आज घरी गेल्यावर, दिवसाच्या उजेडात, आपल्या आजीला किंवा वडिलांना समोर बसवा. त्यांचा एकेक डोळा झाकून तीन मीटरवरून त्यांना बोटं मोजायला सांगा आणि मग सहा मीटरवरून. मोजता आली नाहीत तर वयाला दोष देऊ नका, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. माझ्या आत्याला ऑपरेशन करणारा डॉक्टर भेटला होता. फुटल्या चष्म्याची चौकशी करणारं मात्र घरात कुणी नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मीही होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)