बाहेरचा कोण, गुन्हेगार कोण?

हंगाम आला की नारायणगावच्या टोमॅटो बाजारात परराज्यातले मजूर दिसू लागतात आणि जुन्नर-आंबेगावच्या पारांवर एक वाक्य ऐकू येते : ‘बाहेरचे आले नि गुन्हे वाढले.’ हे तपासता येईल असा आकडा सरकारदप्तरी आहे का, याचा शोध घेताना मी होन्या केंगल्यापाशी पोहोचलो.

होन्या भागोजी केंगले हा जांभोरीचा महादेव कोळी. १८७३ पासून त्याच्या टोळीने सावकारांवर हल्ले केले. त्याच्यामागे १७५ सशस्त्र पोलीस लावले गेले, एक हजाराचे इनाम लागले, आणि जुलै १८७६ मध्ये तो सापडला. सावकार डोंगरी लोकांना लुबाडत, हे १८८५ च्या पुणे गॅझेटियरनेही मान्य केले आहे. पण सावकाराचे नाक कापले की गुन्हा नोंदला जाई. निरक्षर कुळाच्या अंगठ्यावर फुगवलेली रक्कम मात्र दिवाणी कोर्टातून हुकूमनामा होऊन येई. गुन्ह्यांच्या तक्त्यात तिला जागा नव्हती.

मे १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. ९५१ हा आकडा दंगेखोरांचा नव्हे, पोलिसांच्या हाती लागलेल्यांचा.

‘बाहेरचा’ हा शब्दही तितकाच निसरडा. १८८१ च्या जनगणनेत जन्मस्थान विचारले गेले. त्या हिशेबाने जुन्नरात जन्मलेला मारवाडी सावकार इथलाच ठरे. डोंगरापलीकडे नगर जिल्ह्यात जन्मून मजुरीला आलेला कोळी मात्र परका. गावाचा हिशेब नेमका उलटा होता.

आज काय आहे? ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ पासून निघतो. एका प्रथमखबरीत चार कलमे असली तरी त्यात मोजले जाते ते सर्वांत गंभीर कलम. परदेशी आरोपींची वेगळी नोंद मिळते, परराज्यातल्यांची तशी मिळत नाही. तुरुंगांच्या अहवालात कैदी कुठल्या राज्यातला हे असते. पण गावकऱ्याला जामीनदार मिळतो, परक्या मजुराला मिळत नाही. म्हणून तुरुंगातले प्रमाण हे गुन्ह्याचे प्रमाण नव्हे. शिवाय प्रमाण काढायचे तर भागायला लोकसंख्या हवी. २०११ ची गणना फेब्रुवारीत झाली. उन्हाळ्यात येणारा मजूर तेव्हा त्याच्या गावी मोजला गेला.

म्हणजे वरचा आकडा अपुरा आणि खालचा जागेवर नाही. त्यामुळे पारावरचे वाक्य खरे ठरत नाही, तसे खोटेही ठरत नाही. पण त्याच वाक्यावर एखाद्याला भाड्याची खोली नाकारली जाते, चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर जातो. होन्याच्या काळी तक्त्याने कुळाची फसवणूक झाकली. आज आपण अशा तक्त्याचा हवाला देतो, जो कुणी मांडलेलाच नाही.